टेकडीवरच्या झाडांची वेबसाइट करायची आहे, पुढे वाढवता येईल अशी. सुरुवात कुठून करू?

टेकडीकर

नमस्कार मंडळी.

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर सकाळी फिरणारा आमचा एक घोळका आहे. त्यात वनस्पतिशास्त्राच्या एक निवृत्त बाई आहेत. टेकडीवरच्या झाडांच्या नोंदी त्या वर्षानुवर्षं वह्यांमध्ये ठेवत आल्या आहेत. कुठलं झाड कुठल्या वाटेवर, फुलं कधी, शेंगा कधी, गुराखी त्याला काय म्हणतात, खारी काय खातात, सगळं. त्यातल्या काही नोंदी त्यांनी पूर्वी एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या होत्या, त्या फाइली माझ्याकडे आल्या आहेत.

याची मराठीत वेबसाइट करायची असं ठरलं. 'करायची' म्हणजे मी करायची. मी बँकेत आहे, एक्सेल चांगलं येतं, कोडिंगचा गंध नाही.

सुरुवातीला चाळीसेक झाडं. मग झुडपं, वेली, गवतं. मग पर्वती, तळजाई. मग फुलोऱ्याचं कॅलेंडर, नकाशा, लोकांनी पाठवलेले फोटो. यादी वाढतेच आहे. प्रश्न एवढाच की आत्ता काय निवडू, म्हणजे दोन वर्षांनी सगळं पाडून परत बांधायची वेळ येणार नाही? खर्च वर्गणीतून, तेव्हा बेताचा.

चकली

वर्डप्रेस. साइट करायचं आयतं साधन. पुढचा प्रश्न?

अर्धविराम

वाचनखूण साठवली. आमच्या पतसंस्थेचंही हेच घोंगडं भिजत पडलंय.

गावठी_कोडर

चकली, जरा दमानं.

टेकडीकर, एक्सेल येतं म्हणताय, मग निम्मं काम तुम्हाला येतंच. नवखा माणूस साइट म्हणजे पानं समजतो. पळसाचं एक पान, त्यात तीन परिच्छेद, त्यात मध्येच कुठेतरी 'फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो'. चाळीस पानं झाली की कोणीतरी विचारतो, मार्चमध्ये टेकडीवर काय काय फुललेलं असतं? मग बसा चाळीस पानं वाचत.

त्याऐवजी आधी तक्ता करा. एका जातीला एक ओळ. रकाने: क्रमांक, मराठी नाव, इतर नावं, शास्त्रीय नाव, कूळ, फुलाचा रंग, वर्णन. फुलोऱ्याला 'पासून' आणि 'पर्यंत' असे दोन रकाने करायचा मोह होईल, तो टाळा. डिसेंबर ते फेब्रुवारी फुलणारं झाड आलं की १२ पासून २ पर्यंत लिहावं लागतं आणि तिथे हिशेब गंडतो. सरळ बारा महिन्यांचे बारा रकाने करा आणि फुली मारा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. 'जात' आणि 'दिसलेलं झाड' हे दोन वेगळे तक्ते ठेवा. पळस ही जात एकदाच लिहायची. पंचवटीकडून वर येणाऱ्या वाटेवरचा पळस, खाणीजवळचा पळस, अमुक तारखेला फुललेला, तमक्याने फोटो काढलेला, या सगळ्या दुसऱ्या तक्त्यातल्या ओळी. त्यांत जातीचा फक्त क्रमांक. उद्या तळजाई आली की जातींचा तक्ता जवळपास तसाच राहील, दुसऱ्यातच ओळी वाढतील. कॅलेंडर आणि नकाशा दोन्ही यातूनच निघतात.

साइट कशात करायची हे यानंतर. तक्ता नीट असेल तर ती कशातही होते, आणि दहा वर्षांनी दुसऱ्या कशात तरी हलवताही येते.

निवडुंग

बँकवाल्यांना एवढं लांबण कशाला? जात म्हणजे खातं, नोंद म्हणजे व्हाउचर. खातं एकदा उघडायचं, व्हाउचरं जन्मभर पडत राहतात.

टेकडीकर

निवडुंग, हे ताबडतोब कळलं :) 

आमच्याकडे आत्ता हे सगळं एकाच शीटमध्ये आहे, 'पळस' सात वेळा आणि सातही ठिकाणी वर्णन वेगळं.

पेठकरी

मुळात वेबसाइट हवीच कशाला? आयनॅचरलिस्ट आहे, इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल आहे. फोटो टाका, जाणकार ओळख पटवून देतात, नकाशा आयता, फुकट. शिवाय लोक आज साइटवर जातात कुठे? इन्स्टावर रोज एक फूल टाका, आठवड्यात हजार माणसं बघतील. तुमच्या साइटवर तुम्ही, बाई आणि गूगलचा बॉट. (हलके घ्या.)

मुळशीचा_वारा

पेठकरींशी निम्मा सहमत. आयनॅचरलिस्टवर नोंदी जरूर कराव्यात, त्या संशोधकांच्याही उपयोगी पडतात. पण गुराखी काय म्हणतात, कुठली साल कशाला लावतात, या मराठी मजकुराला तिथे नीट जागा नाही. बाईंच्या वह्यांचं मोल त्यातच आहे.

इन्स्टाचं म्हणाल तर जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, ऑर्कुट २०१४ मध्ये, गूगल प्लस २०१९ मध्ये. तिन्ही ठिकाणी मराठी माणसांनी भरभरून लिहिलं होतं. दुसऱ्याच्या जागेत मांडामांड करायला हरकत नाही, पण मूळ प्रत आपल्या पत्त्यावर हवी. आधी साइटवर, मग तिथलं इन्स्टावर. उलट नको.

पेठकरी

बरं, 'मूळ प्रत आपल्याकडे' हे मान्य. बॉटवरचा विनोद मागे घेत नाही.

सांजवात

मी तांत्रिक माणूस नाही, पण एक सांगते. आमच्या सोसायटीची साइट एका ओळखीच्या मुलानं करून दिली होती. चांगली होती. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, त्यानं स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या कार्डानं घेतलं. पुढे तो परदेशी गेला, ईमेल बदलला, नूतनीकरणाची पत्रं जुन्या पत्त्यावर जात राहिली आणि मुदत संपली. ते नाव दुसऱ्याच कोणीतरी उचललं. पुढे कितीतरी दिवस आमच्या सोसायटीच्या नावावर टिचकी मारली की लॉटरीच्या जाहिराती! कार्यकारिणीतल्या आजोबांना लोक फोन करून विचारायचे, 'काय हो, हे काय सुरू केलंत?'

तेव्हा डोमेन कोणाच्या नावावर, कुठल्या ईमेलवर आणि पासवर्ड कोणाकोणाकडे, हे पहिल्या दिवशी कागदावर लिहा.

गावठी_कोडर

सांजवातताईंचा प्रतिसाद सगळ्यांनी परत वाचावा. गटाच्या कामासाठी वेगळा ईमेल काढा, त्यावर डोमेन घ्या, दोघांकडे चावी ठेवा. शक्य असेल तर एकदम काही वर्षांचे पैसे भरा. आणि पहिल्या वर्षाच्या किमतीला भुलू नका, बरेचदा ती सवलतीची असते. नूतनीकरणाला किती पडेल तो आकडा आधी बघा.

एचटीटीपीएसच्या (पत्त्याशेजारच्या सुरक्षित कुलुपाच्या) प्रमाणपत्रासाठी कोणी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. लेट्स एन्क्रिप्टचं फुकट मिळतं आणि बहुतेक होस्टिंगवाले (साइटला जागा देणारे) ते आपोआप लावून देतात.

जुनाखिळा

आता माझा प्रांत. बुधवार पेठेत डीटीपीत उमेदीची वर्षं गेली.

टेकडीकर, बाईंच्या त्या टाइप केलेल्या फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरांत, आहेत का ते आधी तपासा. जुन्या डीटीपीत बहुतेक मजकूर युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असायचा. पडद्यावर 'पळस' दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, फॉन्टनं त्यांना फक्त मराठी चेहरा दिलेला असतो. साइटवर टाकलंत की कचरा दिसेल. ओळखायची सोपी रीत म्हणजे चार शब्द उचलून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी दिसलं तर युनिकोड. बदलून देणारी कन्व्हर्टर आहेत, पण प्रत्येक जुन्या फॉन्टची मांडणी वेगळी. जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी हटकून घसरतात. मशीनने बदला आणि माणसाकडून वाचून घ्या.

तक्ता साठवताना एक्सेलमध्ये 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच पर्याय निवडा. नुसतं सीएसव्ही निवडलंत तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग मिळेल.

आणखी एक बारकी खोड. 'ॲ' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक म्हणजे अखंड अक्षर, दुसरं म्हणजे 'अ' आणि त्यावर वेगळा चंद्र. डोळ्याला दोन्ही सारखे, मशीनला वेगळे. एकाने 'ॲकेशिया' असं टाइप केलं आणि शोधणाऱ्याने दुसऱ्या तऱ्हेनं, तर साइट खुशाल म्हणेल की सापडलं नाही. कुठला वापरायचा ते ठरवा आणि तक्त्यात सगळीकडे तोच करून घ्या.

अर्धविराम

शोधाचा विषय निघालाच आहे म्हणून. साधा शोध अक्षराला अक्षर जुळवतो. 'वाडा' शोधलं तर 'वाड्यात' सापडत नाही, 'वाड' शोधलं तर दोन्ही सापडतात. झाडांच्या नावांचंही तेच, 'धावडा' आणि 'धावड्याची साल'. तेव्हा शोध वर्णनाच्या मजकुरापेक्षा नावांच्या रकान्यांत आधी चालवा.

निवडुंग

नावांवरून. मध्यंतरी टेकडीवर फेब्रुवारीत पिवळ्याधमक फुलांचं निष्पर्ण झाड बघून दोघांत जुंपली होती. एक म्हणे गणेर, दुसरा म्हणे सोनसावर. एकच झाड हो! म्हणून 'इतर नावं' हा रकाना नुसता शोभेचा ठेवू नका. कुठल्याही नावानं शोधलं तरी त्याच पानावर पोचलं पाहिजे.

पानाच्या पत्त्यात शास्त्रीय नाव घालू असं कोणी सुचवण्याआधीच सांगतो: नका घालू. ती नावं बदलतात. बाभूळ पिढ्यान्‌पिढ्या ॲकेशिया निलोटिका होती. २००५ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांच्या व्हिएन्ना काँग्रेसमध्ये ॲकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियन जातींकडे ठेवायचं ठरलं आणि आपली बाभूळ व्हॅचेलियात गेली, खैर सेनेगालियात. बाभूळ होती तिथेच आहे, काटे तेवढेच आहेत.

चकली

मग पत्ता मराठीत ठेवा की. 'अमुक-तमुक/बाभूळ'. देवनागरी चालतं आता.

गावठी_कोडर

चालतं, पण कॉपी करून पाठवलं की बरेचदा त्याचं सोंग बदलतं. देवनागरीतलं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि पत्त्यात प्रत्येक बाइटला टक्क्याचं चिन्ह धरून तीन अक्षरं लागतात. म्हणजे एका चिन्हाला ९. काना-मात्रासुद्धा वेगळे मोजले जातात. 'काटेसावर' एवढ्याचे ७२ होतात. वर्डप्रेस पत्त्याचा हा भाग २०० अक्षरांत कापतं, म्हणजे बावीसेक चिन्हांनंतर मराठी मथळा मध्येच तुटतो. व्हॉट्सॲपवर ती टक्क्यांची माळ बघून लोकांना व्हायरस वाटतो.

माझं मत: क्रमांक आणि रोमन लिपीतलं साधं नाव. क्रमांक कधीच बदलायचा नाही. नाव बदललं तरी क्रमांकावरून पान उघडलं पाहिजे. आणि तरीही एखादा पत्ता बदलावाच लागला तर जुन्यावरून नव्याकडे ३०१ रीडायरेक्ट लावायचं. कुणीतरी शाळेच्या प्रकल्पात तुमचा दुवा दिलेला असेल, तो मेला नाही पाहिजे.

जुनाखिळा

आणि मेलाच तर निदान पाटी अस्सल पुणेरी लावा. 'हे पान येथे नाही. पत्ता नीट वाचून येणे.'

निवडुंग

खाली बारीक अक्षरात: 'झाड मात्र जागेवर आहे.'

चकली

विनोद झाले असतील तर माझ्या वर्डप्रेसकडे येऊ. सगळ्यांनी मला पहिल्याच ओळीत गप्प केलंत, पण एकाचंही उत्तर नाही की नोंद बदलणार कोण? बाईंना रात्री आठवलं की 'अहो, त्या मेडशिंगीचा महिना चुकलाय', तर त्यांनी काय कोडरला फोन लावायचा? वर्डप्रेसमध्ये लॉगिन करतील आणि बदलतील. २००३ पासून चालू आहे, मराठीत वापरता येतं, अडलं तर पुण्यात गल्लोगल्ली माहीतगार मिळतो. तुमच्या तक्त्यातले रकाने तिथेही करता येतात, कस्टम पोस्ट टाइप आणि कस्टम फील्ड वापरून.

गावठी_कोडर

मुद्दा खरा आहे, नाकारत नाही. माझी भीती वेगळी आहे. गटातलं कोणी उत्साहानं वीस प्लगिन (वरून जोडायचे पुरवणी प्रोग्राम) बसवतं, वर पानं सजवायचा दिखाऊ पेज बिल्डर. वर्षभर कोणी अपडेट करत नाही आणि एके दिवशी साइट औषधांच्या जाहिराती दाखवायला लागते. काही बिल्डर काढून टाकले तर मागे मजकुरात चौकटी कंसांचा राडा उरतो.

म्हणून माझी पसंती स्टॅटिक साइटला. तक्ता गूगल शीटमध्ये, बाई तिथेच बदल करतील. ह्यूगोसारखं साधन त्या तक्त्यातून पानं तयार करतं. नुसती एचटीएमएल पानं, मागे डेटाबेस नाही, त्यामुळे फोडण्यासारखं फारसं काही नाही. एवढ्याशा साइटला गिटहब पेजेसवर फुकट जागा मिळते. खर्च उरतो डोमेनचा.

चकली

आणि ते ह्यूगो पहिल्यांदा लावून देणार कोण? बँकेतले काका?

गावठी_कोडर

मी देतो. टेकडी माझीही आहे.

चकली

आणि तुम्ही सांजवातताईंच्या त्या मुलासारखे परदेशी गेलात तर?

गावठी_कोडर

हा बाण वर्मी लागला. म्हणूनच तक्ता, फोटो आणि डोमेन तिन्ही गटाकडे राहतील, माझ्याकडे फक्त साचा. मी गेलो तर त्याच तक्त्यातून कोणीही वर्डप्रेस उभं करू शकेल. अगदी चकलीसुद्धा.

चकली

'सुद्धा' लक्षात ठेवण्यात आलं आहे.

बिनपाणी

उशिरा येतोय. कोणी हा मुद्दा काढला नाही म्हणून लिहितो.

नकाशावर सगळंच दाखवू नका. पळस, सावर, बहावा खुशाल दाखवा. पण कंदीलपुष्पाच्या काही जाती फक्त सह्याद्रीच्या परिसरातच होतात आणि त्यांचे कंद लोक खणून खातात. शतावरी, मुसळी मुळांसाठी खणतात. अचूक ठिकाण साइटवर टाकलंत तर तुम्ही खणणाऱ्याला वाट दाखवलीत. आयनॅचरलिस्टही धोक्यातल्या जातींचं ठिकाण मुद्दाम धूसर करून दाखवतं. तक्त्यात आत्ताच एक रकाना घाला, 'ठिकाण दाखवायचं: हो/नाही'. आणि गावठी_कोडर, तुमची ती शीट जगाला उघडी नको हां. साइटवर लपवलं आणि शीटमध्ये सगळं दिसतंय, असं नको व्हायला. गिटहबवर फाइल चढवणार असाल तर त्यातूनही अक्षांश-रेखांशाचे दोन रकाने आधी काढा.

गावठी_कोडर

बिनपाणी, दंडवत. हे माझ्या डोक्यात नव्हतं.

अक्षांश-रेखांशावरून आठवलं. दोन वेगळे रकाने ठेवा, आकडे तक्त्यात इंग्रजीत लिहा, दाखवताना देवनागरी करता येतात. टेकडीचा अक्षांश १८.५ च्या पुढचा आणि रेखांश ७३.८ च्या आसपास. अदलाबदल झाली तर पळस नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात फुलतो.

मुळशीचा_वारा

फोटोंचं राहिलं. फोनचा फोटो सहज चार-पाच एमबीचा असतो. तसाच टाकला तर टेकडीवर जिथे रेंज एक काडी असते तिथे पान उघडेपर्यंत उजाडायचं. साइटसाठी लहान प्रत करा, पण मूळ फोटो वेगळ्या डिस्कवर जपा. लहान केलेला परत मोठा होत नाही.

लोकांकडून फोटो घेणार असाल तर प्रत्येकासमोर दोन रकाने हवेत, कोणाचा आणि कुठल्या परवानगीने. क्रिएटिव्ह कॉमन्सचा एखादा परवाना ठरवून पाठवणाऱ्याकडून 'मान्य' असं लेखी घ्या. पाचशे फोटो साठल्यावर मागे जाऊन विचारता येत नाही. निम्मे नंबर बदललेले असतात.

पेठकरी

एवढं सगळं चाळीस झाडांसाठी? तुमचं साचे-रकाने होईपर्यंत पुढचा पळस फुलून जाईल. बारा झाडं घ्या, साधी साइट चढवा, बाकी मागाहून. असं वाढेल, तसं वाढेल म्हणत कित्येक साइट जन्मालाच येत नाहीत.

अर्धविराम

पेठकरींना +१. आमची पतसंस्था 'भविष्यातील विस्तार' या विषयावर तीन बैठका घेऊन अजून लोगोवर आहे.

टेकडीकर

मंडळी, मध्ये मार्चअखेर असल्यानं गायब होतो. सगळे प्रतिसाद छापून बाईंना दिले. त्यांनी लाल पेनानं शुद्धलेखन तपासून परत दिले, त्याबद्दल इथे काही लिहीत नाही.

आत्तापर्यंत झालेलं सांगतो. गटाच्या ईमेलवर डॉट इन डोमेन घेतलं, पासवर्ड माझ्याकडे आणि बाईंकडे. तक्ते दोन केले, सात पळसांचा एक झाला. ठिकाण लपवायचा रकाना घातला आणि बाईंनी सगळ्यात आधी तोच भरला. मुसळीसमोर 'नाही' असं लिहून खाली दोन रेघा मारल्यात. पेठकरींचं ऐकून बाराच जातींनी सुरुवात, आणि गावठी_कोडर यांनी त्या बारा पानांचा साचा लावून दिलाय. चकली, तुमचा मुद्दाही घेतलाय. बाई शीटमध्ये बदल करतात आणि पान बदलतं. परवा त्यांनी रात्री साडेअकराला मेडशिंगीचा महिना बदलला.

एक प्रश्न उरलाय. ग्लिरिसिडिया घ्यायचा की नाही? गटात दोन तट आहेत. 'टेकडीची झाडं' म्हणून साइट करायची आणि त्यात लागवडीचं परदेशी झाड?

निवडुंग

वगळून कसं चालेल? टेकडीवर जिकडे बघाल तिकडे तेच आहे. 'देशी/परदेशी' असा रकाना घाला आणि ते का लावलं, त्याखाली काय उगवतं, काय उगवत नाही, हे बाईंकडून लिहून घ्या. वाचण्यासारखं पान तेच होईल.

बिनपाणी

सहमत. आणि फुलोऱ्याच्या रकान्यांत फुल्या मारायला विसरू नका. त्याची गुलाबी फुलं बघून लोक हमखास विचारतात, हे कुठलं झाड.

टेकडीकर

ठीक, क्रमांक १३ ग्लिरिसिडिया. बाईंनी आधीच दीड पान लिहून ठेवलं होतं म्हणे.

जुनाखिळा, जुन्या फाइली तुम्हाला मेल केल्यात. फॉन्ट कुठला ते सांगता का?

जुनाखिळा

मिळाल्या. दोन एकाच फॉन्टमध्ये आहेत, त्या होऊन जातील. तिसरी वेगळ्याच फॉन्टमध्ये आहे आणि तो माझ्या मशीनवर नाही. बाईंकडे तिचा छापील कागद असेल तर स्कॅन करून पाठवा, ताडून बघता येईल. आणि चौथी उघडतच नाही, परत पाठवा.